‘आईन-ए-अकबरी’ घेऊन वऱ्हाडच्या गावांतून

‘फ्रान्समधली सर्वांत सुंदर खेडी’ या नावाची एक संस्था फ्रान्समध्ये आहे. १९८२ साली कॉलोंज-ला-रूज नावाच्या लहानशा गावाचे महापौर शार्ल सेराक यांनी ती सुरू केली. आपल्याकडच्या भाषेत त्यांना सरपंच म्हणायलाही हरकत नाही. या यादीत यायचं तर गावाची वस्ती दोन हजारांच्या आत हवी, गावात निदान दोन तरी संरक्षित वास्तू किंवा जागा हव्यात आणि गावच्या सभेनं तसा ठराव केलेला हवा. आज या यादीत १७० हून जास्त गावं आहेत. उन्हाळी सुट्टीत शहरांतली कुटुंबं गाडी काढतात आणि एकेक गाव बघत हिंडतात. कुठे एखादं जुनं चर्च, कुठे धान्याचा दगडी बाजार, कुठे पडका बुरूज. आमचे एक नातेवाईक नोकरीसाठी तिकडे आहेत. दरवर्षी त्यांचे फोटो येतात आणि आमच्या घरात थोडी हळहळ होते.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ती हळहळ बाजूला ठेवून आम्ही ठरवलं की आपलीच गावं बघायची. अम्मी, आम्ही दोघं नवरा-बायको, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. भाड्याची गाडी, चार दिवस, आणि अकोला-अमरावती जिल्ह्यांतली गावं. वाटाड्या म्हणून सोबत घेतली अबुल फजलची ‘आईन-ए-अकबरी’. तिच्यातलं वऱ्हाड सुभ्याचं प्रकरण अवघ्या काही पानांचं आहे. ती पानं मी छापून घेतली होती.

हे पुस्तकच का? कारण १५९६ साली अहमदनगरच्या चांदबीबीनं तह करून वऱ्हाड मोगलांच्या हवाली केलं, आणि त्यानंतर लगेचच अबुल फजलनं या नव्या सुभ्याची माहिती आपल्या ग्रंथात घातली. महसुलाचे आकडे तर त्यात आहेतच. पण नदीकाठचे दगड, एखादं फूल, किल्ल्यावरचा झरा, लोकांच्या तोंडची नावं, हेही त्यानं टिपलं आहे. तो सांगतो की या मुलखाचं जुनं नाव ‘वरदातट’, म्हणजे वर्धेचा काठ. तो सांगतो की इकडे चौधरीला देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकद्दमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुलकर्णी. बादशाही दरबारातला एक विद्वान फारसी ग्रंथात ही चार मराठी नावं लिहून ठेवतो, याचा अर्थ कारभार त्या नावांशिवाय चालत नव्हता. सुलतान बदलले, सुभेदार बदलले, गावातली ही माणसं राहिली. वऱ्हाडात आजही मुसलमानांची देशमुख आणि पटेल आडनावाची घरं आहेत ती काही उगीच नाहीत.

बाळापूर : नदीतले दगड

पहिला दिवस बाळापूरचा. अकोल्याहून खामगावच्या वाटेवरचं हे गाव अम्मीचं माहेर, त्यामुळे गाडीत तिचाच आवाज. हा सगळा खारपाणपट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन कपाशीला चांगली, पण विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. ‘आमच्या लहानपणी गोड्या पाण्याच्या विहिरीला लोक नावानं ओळखायचे,’ असं ती मुलांना सांगत होती.

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर बाळापूरचा किल्ला उभा आहे. पावसाळ्यात पाणी दोन्ही अंगांनी चढतं. बांधकाम पक्क्या विटांचं आणि बुरूज असे भक्कम की खाली उभं राहिल्यावर मान दुखते. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह यानं हे काम सुरू केलं आणि एलिचपूरचा नवाब इस्माईल खान यानं १७५७ साली ते पुरं केलं, असं सांगतात. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचं मंदिर आहे. गावाला नाव मिळालं ते या देवीवरून. गाव देवीच्या नावाचं, किल्ला मोगलांनी घातलेला, आणि गावात नक्शबंदी सूफींची जुनी खानकाह. तिन्ही एकाच वेशीच्या आत.

नदीकाठावर एक छत्री आहे. ती मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाते. पुरंदरच्या तहाचे हेच ते मिर्झाराजे. १६६७ साली ते बुऱ्हाणपुरात वारले. महाराष्ट्रात प्रत्येकाला ठाऊक असलेलं हे नाव, आणि त्यांच्या नावाची छत्री अकोल्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे हे शाळेच्या कुठल्याच सहलीला माहीत नसतं.

अबुल फजल म्हणतो की बाळापूरजवळच्या दोन ओढ्यांच्या काठी नाना तऱ्हेचे सुंदर दगड सापडतात, लोक ते घासून-कापून हौसेनं जपतात. मुलांना हे वाचून दाखवलं आणि दोघंही नदीच्या पात्रात उतरले. अर्ध्या तासात खिसे भरले. पांढरे, तांबूस, पट्ट्यापट्ट्यांचे. दख्खनच्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिका साचत गेली, खडक झिजले आणि हे खडे सुटून नदीत आले. अम्मीनं त्यातला एक तांबूस खडा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, ‘ये तो अकीक है.’ अंगठीत बसवतात तोच. सव्वाचारशे वर्षांपूर्वीची नोंद एका पाचवीतल्या मुलानं खिशात घालून घरी आणली. इतिहास खरा आहे की नाही हे त्याला आता कुणी समजावून सांगायला नको.

याच प्रकरणात बाळापूरपासून सहा कोसांवरच्या शाहपूरची नोंद आहे. अकबराचा मुलगा शहजादा मुराद याची छावणी तिथे पडली आणि छावणीचं बघता बघता शहर झालं. १५९९ साली दारूनं पोखरलेला मुराद दख्खनमध्येच मरण पावला, आणि त्या शहराचं तेजही त्याच्यामागे गेलं. पुढे १७२० च्या ऑगस्टमध्ये याच बाळापूरच्या परिसरात निजाम-उल-मुल्क आणि सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान यांची लढाई झाली. मराठी फौज आलम अली खानाच्या बाजूनं होती. निजाम जिंकला आणि पुढच्या सव्वादोनशे वर्षांच्या हैदराबाद राज्याचा रस्ता या लढाईनं मोकळा झाला. पाठ्यपुस्तकातल्या ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ अशा सोप्या रकान्यात ही लढाई कुठे बसवायची ते मुलीनं विचारलं. मी म्हटलं, बसत नाही, म्हणूनच ती लक्षात ठेव.

परतताना पातूरला थांबलो. जुन्या कागदपत्रांत या गावाचं नाव ‘पातूर शेख बाबू’ असं येतं. शेख अब्दुल अजीज उर्फ शेख बाबू या सूफींचा दर्गा इथे आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अब्दुर्रहीम खानखानान यानं त्याची दुरुस्ती केली. खानखानान म्हणजे हिंदीच्या पुस्तकात दोह्यांखाली ज्यांचं नाव असतं तेच रहीम. मुलीला दोहे पाठ होते. हा कवी सेनापती म्हणून वऱ्हाडात वर्षानुवर्षं राहिला होता, हे तिला पातूरला कळलं. त्याच गावाच्या कडेला डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. दर्गा आणि लेणी यांच्यातलं अंतर पायी तुडवता येतं, काळाचं अंतर मात्र शतकांचं आहे.

अडगाव आणि नरनाळा

दुसऱ्या दिवशी अकोटमार्गे अडगाव बुद्रुक. इंग्रजी पुस्तकांत हेच ‘आर्गाव’ म्हणून येतं. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव आणि सिरसोलीच्या मधल्या शिवारात नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा एका बाजूला, ऑर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला अशी लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. वॉटर्लूला दरवर्षी जगभरातून माणसं जातात. अडगावच्या शिवारात आम्ही गेलो तेव्हा सीतादहीची वेचणी चालू होती. एका वावराच्या धुऱ्यावर म्हातारे गृहस्थ बसले होते.

‘कोनत्या गावचे जी तुमी?’

‘अकोल्याचे, बाबाजी. इथे इंग्रजांची लढाई झाली होती ना, ती जागा बघायला आलो.’

‘हाव. आमच्या आज्याच्या टायमाले वखरतानी लोखंडाचे गोये निंगत म्हने. आता नाई निंगत. या, पानी घ्या. पोट्टे उनात हाय.’

एवढंच. पण दोनशेवीस वर्षांच्या गोष्टीचा धागा एका माणसाच्या तोंडी अजून शाबूत होता. भोसल्यांच्या फौजेत तेव्हा अरब होते, राजपूत होते, मराठे होते. इंग्रजांच्या बाजूनं निजामाची आणि म्हैसूरची घोडदळं होती, आणि एलिचपूरचा नवाब सलाबत खानही होता. मुसलमान दोन्हीकडे लढले, हिंदू दोन्हीकडे मेले. जिंकली ती कंपनी.

तिथून अकोटला परत येऊन पोपटखेडमार्गे शहानूर. नरनाळ्याचा पायथा. किल्ला आता मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत असल्यानं वनखात्याकडे नोंद करूनच वर जावं लागतं. नरनाळा हा खरं तर तीन किल्ल्यांचा मिळून एक किल्ला आहे. मधला नरनाळा, एका बाजूला जाफराबाद, दुसऱ्या बाजूला तेलियागड. बहमनी सुलतान अहमदशाह वली यानं १४२५ च्या सुमारास त्याची डागडुजी केली.

वर चढताना एकामागून एक दरवाजे लागतात. त्यांतला महाकाली दरवाजा पाहून अम्मी खाली बसलीच. पांढरट वालुकाश्म, त्यावर कोरलेली कमळं, दोन्ही अंगांना पुढे आलेले सज्जे आणि त्यांची दगडी जाळी. प्रत्येक जाळीचा नमुना वेगळा. कमानीवर सुंदर अक्षरांत अरबी-फारसी लेख. १४८७ चं हे काम, फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क याच्या देखरेखीखालचं. कुराणाची अक्षरं आणि कमळाच्या पाकळ्या एकाच दगडातून निघालेल्या, आणि दरवाजाचं नाव महाकालीचं. या नावात कुणाला काही खटकलं नसावं. नाहीतर ते इतकी शतकं टिकलं नसतं.

किल्ल्यावर ‘नऊगजी’ नावाची लांबलचक तोफ पडून आहे. धाकट्यानं ती पावलांनी मोजली. अबुल फजलच्या काळी नरनाळा हे सरकारचं, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्याचं ठिकाण होतं, आणि बाळापूरसारखा श्रीमंत परगणा त्याच्याखाली मोडत होता. आज गडावर माणूस राहत नाही. जिल्ह्याचं ठिकाण उठून जंगल होतं, आणि पायथ्याचं खेडं तेवढं राहतं, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं.

अचलपूर : एका नावाची चार रूपं

तिसऱ्या दिवशी अंजनगाव सुर्जीवरून अचलपूर. संत्र्याच्या बागा सुरू झाल्या आणि धाकट्याच्या खिडकीबाहेरच्या प्रश्नांना अंत राहिला नाही. अडगावनंतर वेलस्लीनं १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. १७ डिसेंबरला अचलपूरजवळच्या देवगावात भोसल्यांशी तह झाला आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावात शिंद्यांशी. देवगावच्या तहानं भोसल्यांच्या हातून ओडिशातलं कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला. सुर्जी-अंजनगावच्या तहानं दिल्ली-आग्र्यावरचा शिंद्यांचा ताबा गेला. बत्तीस दिवसांत हिंदुस्थानचा नकाशा फिरला तो वऱ्हाडच्या तीन-चार गावांत. अंजनगावच्या बसथांब्यावर चहा पिताना हे मुलांना सांगितलं, तर शेजारचा कॉलेजातला मुलगा कान देऊन ऐकत होता. तो म्हणाला, ‘आमच्याच गावात? आम्हाले तर कोनी सांगतलंच नाई.’

अचलपूर हे वऱ्हाडची जुनी राजधानी. राष्ट्रकूट राजा नन्नराज याचा तिवरखेड ताम्रपट ‘अचलपूर’ इथून दिलेला आहे, म्हणजे नाव निदान तेराशे वर्षांचं. तेराव्या शतकातल्या महानुभावांच्या ग्रंथांत हेच ‘अळजपूर’ होतं. फारसी कागदांत ‘एलिचपूर’, इंग्रजांच्या कागदांत त्याचीच थोडी वाकडी आवृत्ती, आणि स्वातंत्र्यानंतर पुन्हा अचलपूर. आज शहरांची नावं बदलण्यावरून भांडणं होतात. या शहरानं मात्र संस्कृत, मराठी, फारसी, इंग्रजी अशी प्रत्येक जीभ नाव कशी उच्चारते ते शांतपणे ऐकून घेतलं.

अल्लाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये देवगिरीवर आला तो याच वाटेनं. शहा दुल्हा रहमान यांचा दर्गा शहराचं मोठं श्रद्धास्थान आहे. लग्नाच्या मांडवातून उठून लढाईला आलेला नवरदेव ही त्यांची कथा सगळ्यांना माहीत आहे. ती दंतकथा आहे आणि तिला दंतकथा म्हणूनच ऐकावं. पण दर्ग्यात मन्नत मागायला येणाऱ्या बायांचे चेहरे पाहिले तर कोण कुठल्या धर्माची ते ओळखता येत नाही. ती दंतकथा नाही.

शहराच्या पश्चिमेला हौज कटोरा आहे. एका तलावाच्या मधोमध अष्टकोनी मनोरा. वरचे मजले ढासळले, राहिले तेवढे कमानींनी तोलून धरलेत. उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा गार वारा अंगावर घेत बसायची ही जागा. अबुल फजल अचलपूरच्या भुईचंप्याचं कौतुक करतो. जमिनीलगत उमलणारं, जांभळट, अतिशय सुगंधी फूल. भुईचंपा पावसाळ्याआधी पानं येण्यापूर्वी फुलतो, त्यामुळे दिवाळीत तो दिसणार नव्हता. बायकोनं एका घरच्या अंगणातून त्याचा कंद मात्र मागून घेतला. देणाऱ्या काकू म्हणाल्या, ‘बादशाच्या पुस्तकात आमचं फूल हाय म्हंता? मंग दोन न्या.’

शहराला लागून परतवाडा. इंग्रजांची छावणी होती ती. मूर्तिजापूरहून इथवर ‘शकुंतला’ ही छोट्या रुळांची गाडी कपाशीसाठी आली. ती आता बंद आहे. राजधानीचं तालुक्याचं गाव झालं, तालुक्याच्या गावाची रेल्वेही गेली. पण इथे जो इतिहास आहे तो कुणाच्या कामाला आला तर, या विचारानं आम्ही चौथ्या दिवशी चिखलदऱ्याचा घाट चढलो.

गाविलगड : बाहेरचा कोण?

गाविलगड हे नाव गवळ्यांवरून पडलं. १४२५ साली अहमदशाह वलीनं तो बांधवला, आणि १४८८ साली फतहुल्लाह इमाद-उल-मुल्कनं त्याची दुरुस्ती केली. अबुल फजल त्याला जवळजवळ अजोड म्हणतो आणि पुढे एक नोंद करतो की गडावर एक झरा आहे, त्याच्या पाण्यात पोलादी शस्त्रांना पाणी देतात. लोहाराच्या भात्याजवळ वाढलेल्या माणसाला यातली खोच कळेल. तापवलेलं पोलाद कुठल्या पाण्यात बुडवायचं यावर त्याची धार ठरते, असं कारागीर मानत.

गडाचा दिल्ली दरवाजा पाहण्यासाठी मी मुद्दाम सगळ्यांना घेऊन गेलो होतो. दरवाजावर सिंह कोरलेत आणि हत्तींना नखांत धरलेला दोन तोंडांचा पक्षी. गंडभेरुंड. दख्खनच्या किल्ल्यांवर तो इतरत्रही दिसतो, आणि विजयनगरच्या राजचिन्हांत त्याला मान होता. तो बहमनी सुभेदाराच्या दरवाजावर कसा? काही अभ्यासक त्याचं उत्तर फतहुल्लाहच्या जन्मात शोधतात.

फरिश्ता या इतिहासकारानं नोंदवलंय की फतहुल्लाह विजयनगरच्या मुलखातल्या कानडी ब्राह्मणाच्या घरचा मुलगा. लढाईत लहानपणी कैद होऊन तो वऱ्हाडात आला. सुभेदार खान-ए-जहान यानं त्याला आपल्या घरात वाढवलं. तो मुसलमान झाला, शिकला, शिपाई झाला, सुभेदार झाला आणि १४९० साली वऱ्हाडचा स्वतंत्र सुलतान. त्याची इमादशाही १५७४ पर्यंत म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षं टिकली. दख्खनच्या पाच सल्तनतींत वऱ्हाडची ही एक. शेवटचा सुलतान बुऱ्हाण याला त्याच्याच वजिरानं, तुफाल खानानं, नरनाळ्यावर कैदेत टाकलं आणि अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहानं ते निमित्त करून राज्य गिळलं. गंमत अशी की निजामशाहीचा मूळ पुरुषही फरिश्त्याच्याच मते पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला. पाथरी तेव्हा वऱ्हाडात होती. आपल्या वाडवडिलांचं गाव म्हणून निजामशाहानं ती इमादशाहाकडून हिसकावून घेतली आणि दोन्ही राज्यांत वैर सुरू झालं. सुलतान झाले तरी मूळ गावाचा लोभ सुटला नाही. ही भावना कुठल्या मराठी माणसाला परकी वाटेल?

दरवाजाखाली हे सगळं सांगत असताना मुलीनं मध्येच विचारलं, ‘मग आपण बाहेरून आलो की इथलेच?’ वर्गात तिला कुणीतरी तसं म्हटलं होतं, हे मला तेव्हा कळलं. मी उत्तराची जुळवाजुळव करत होतो तोवर अम्मी बोलली, ‘बेटा, मेरे दादा की कबर बालापूर में, तेरे दादा की अकोला में. बाहर कौन है?’

अम्मीचं उत्तर तिच्या वयाला साजेसं. नववीतल्या मुलीसाठी मला आणखी थोडं सांगायचं होतं. इराण, अरबस्तान, अफगाणिस्तानातून माणसं आली हे खरंच आहे, दख्खनच्या दरबारांत त्यांचं आणि ‘दख्खनी’ मुसलमानांचं वैरही होतं. ते लपवण्यात काय अर्थ? पण ज्यानं वऱ्हाडचं पहिलं स्वतंत्र मुस्लिम राज्य उभं केलं त्याची मुळं तुंगभद्रेकाठी होती. आणि १८०३ मध्ये, ज्या गडावर त्याचा फारसी लेख आहे, तो गड मराठा राजासाठी बेनीसिंग नावाच्या राजपूत किल्लेदारानं लढवला. पंधरा डिसेंबरला तो तिथेच पडला. कानडी ब्राह्मणाच्या मुलाचा दरवाजा, मराठ्यांचं निशाण, राजपुताचं रक्त. यातलं ‘बाहेरचं’ वेगळं काढायला बसलं तर दरवाजाच उरत नाही. १८५८ मध्ये, तात्या टोपे इकडे आले तर गड त्यांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी त्याची तटबंदी पाडायला घेतली. किल्ला कुणाचा आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. जो त्यात एकत्र येईल त्याचा.

उतरताना चांदूर बाजारवरून रिद्धपूर केलं. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांचं महास्थान. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ इथे सिद्ध केलं, मराठी गद्याची सुरुवात या मातीत झाली. आता तिथे मराठी भाषेचं विद्यापीठही सुरू झालंय. ‘लीळाचरित्र’ आणि खिलजीची स्वारी यांच्यात जेमतेम वीस वर्षांचं अंतर आहे. म्हणजे वऱ्हाडात मराठी लिखाण आणि फारसी लिखाण जवळपास एकाच पिढीनं पाहिलं. मी मराठीत लिहितो याचं कौतुक करणारे आणि आश्चर्य करणारे, दोघांनाही मला हेच सांगायचं असतं.

वाचता न येणारे दरवाजे

या चार दिवसांत एक गोष्ट सतत टोचत राहिली. आम्ही पाहिलेल्या बहुतेक दरवाजांवर लेख आहेत, आणि ते वाचू शकणारा माणूस गावात भेटला नाही. लेख फारसीत, पाटील-कुलकर्ण्यांची दप्तरं मोडीत. दोन्ही लिप्या गावाला बंद झाल्या. वाचता न येणारी भिंत मुकी असते. तिच्या नावानं कुणीही काहीही बोलू शकतं, आणि हल्ली तसं बोलणाऱ्यांची कमी नाही. एखादी वास्तू पाडली तर बातमी होते. ती कुणाला वाचताच येत नाही, याची बातमी होत नाही.

असं नेहमीच नव्हतं. वूल्सली हेग या इंग्रज अधिकाऱ्यानं वऱ्हाडातले फारसी लेख वाचून १९०७-०८ मध्ये छापले. त्याआधी १८९७ मध्ये हेन्री कझिन्सनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या प्राचीन अवशेषांची यादी केली होती. १९२४ मध्ये या. मा. काळे यांनी मराठीत ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहिला. त्यांच्या पुढे आपण गावोगाव किती गेलो?

फ्रान्समध्येही एकेकाळी हीच अवस्था होती. क्रांतीनंतर खेड्यातली जुनी चर्चं दगडांच्या खाणीसारखी वापरली जात होती. १८३४ साली प्रॉस्पेर मेरिमे हा कथाकार सरकारी निरीक्षक म्हणून नेमला गेला, घोडागाडीतून खेडोपाडी हिंडला आणि १८४० मध्ये स्मारकांची पहिली यादी निघाली. वेझलेचं पडायला आलेलं चर्च त्यामुळे वाचलं. पण यादी सरकारी कपाटात राहिली असती तर आज सुट्टीत तिकडे कुणी गेलं नसतं. गावसभेच्या ठरावाची अट मला म्हणून मोलाची वाटते. तिथे गाव स्वतः म्हणतं, हे आमचं आहे, आम्ही सांभाळू.

आपल्याकडे ग्रामसभा आहे. मदरशांतून फारसी थोडीफार अजून शिकवली जाते. मोडी वाचणारे निवृत्त शिक्षक अकोला-अमरावतीत आहेत. एखाद्या रविवारी मदरशाचा विद्यार्थी आणि मोडीचे गुरुजी एकाच दरवाजाखाली बसले, लेख वाचला, मराठीत लिहिला आणि तो कागद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला, तर त्याला फार खर्च येणार नाही. मुस्लिम तरुणांनी यात पुढे व्हावं, असं मला मनापासून वाटतं. आपला वारसा आहे अशी तक्रार करण्यापेक्षा तो वाचून दाखवणं जास्त उपयोगाचं. आणि वाचलं की कळतं, तो एकट्याचा कधीच नव्हता. दरवाजावर आयत आहे, कमळ आहे, दोन तोंडांचा पक्षी आहे, आणि नाव महाकालीचं. ज्यांनी तो घडवला त्यांना हे एकत्र ठेवायला अडचण आली नाही. आपल्याला फक्त वाचायचं आहे.